द्राक्षबागेतील डाऊनी: पान किती तास ओले राहिले याचा हिशेब

नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदार बोलताना ज्या रोगाला ‘डाऊनी’ म्हणतात आणि कृषी विभागाच्या पत्रकांत जो ‘केवडा’ या नावाने छापला जातो, तो रोग गोडी बहार छाटणीनंतरच्या (ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीनंतरच्या) पहिल्या दोन महिन्यांत संपूर्ण हंगाम हातातून घालवू शकतो. भुरी आली तर मण्यांची प्रत जाते, करप्याने काडी आणि मणी डागाळतात. पण फुलोऱ्याच्या आसपास डाऊनी घडावर बसली तर घडच उरत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला, तेव्हा नाशिक जिल्ह्यात हे मोठ्या प्रमाणावर घडले. सटाणा भागातील अगाप (लवकर छाटलेल्या) बागांत मणी तडकले, तर पोंगा (डोळा फुटणे) ते फुलोरा या अवस्थेत सापडलेल्या बागांत डाऊनीने घड कुजले आणि गळाले.

या रोगावरील औषधांची यादी आज प्रत्येक बागायतदाराच्या खिशात असते, तरीही दर दोन-तीन वर्षांनी बागा जातात. याचे कारण माझ्या मते औषधांच्या कमतरतेत नाही. फवारणीचा दिवस आपण ‘छाटणीला किती दिवस झाले’ यावरून ठरवतो, तर डाऊनी आपला दिवस ‘पान किती तास ओले राहिले’ यावरून ठरवते. पुढील मार्गदर्शन याच फरकाभोवती बेतलेले आहे.

रोग नेमका ओळखणे

डाऊनीला कारणीभूत असणाऱ्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला असे आहे. आपण सवयीने त्याला बुरशी म्हणतो, परंतु शास्त्रीयदृष्ट्या तो खऱ्या बुरशीच्या गटात मोडत नाही. त्याचे नाते पाण्यात वाढणाऱ्या शेवाळवर्गीय जीवांशी अधिक जवळचे आहे. ही माहिती केवळ पुस्तकी नाही. भुरीवर उत्तम चालणारी ट्रायझोल गटातील औषधे, उदाहरणार्थ हेक्झाकोनॅझोल किंवा मायक्लोब्युटॅनिल, डाऊनीवर निरुपयोगी ठरतात ती याच कारणाने. ‘बुरशीनाशक मारले तरी डाऊनी थांबली नाही’ अशी तक्रार ऐकली की पहिला प्रश्न कोणते बुरशीनाशक मारले हाच विचारावा लागतो.

कोवळ्या पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा, कडा पसरट असलेला, तेलाचा थेंब सांडल्यासारखा दिसणारा डाग ही डाऊनीची पहिली खूण होय. पान उन्हाकडे धरून खालून पाहिले तर हा डाग अर्धपारदर्शक दिसतो. रात्री हवेत भरपूर ओलावा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डागाच्या बरोबर खाली, पानाच्या मागील बाजूस, पांढरी कापसासारखी वाढ दिसते. जून पानांवर मात्र डाग शिरांच्या मध्ये अडकतात आणि गालिच्याच्या नक्षीसारखे छोटे, कोनाकार, पिवळे-तपकिरी ठिपके तयार होतात. सप्टेंबरमध्ये असे ठिपके दिसले की ‘पान पिकले आहे, आता गळायचेच’ असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि पुढील हंगामातील रोगाचे बियाणे तेथेच राखले जाते.

घडावर रोग आल्यास सुरुवातीला कळ्यांवर पांढरी वाढ दिसते, देठ पिळवटतो, हुकासारखा वाकतो आणि नंतर तपकिरी होऊन सुकतो. मणी ज्वारी ते वाटाण्याच्या आकाराचे होईपर्यंत थेट बळी पडतात. त्यानंतर मण्याच्या सालीवरील श्वसनरंध्रे बंद होत गेल्याने रोगाच्या चलबीजांना (पाण्यात पोहणाऱ्या बीजांना) आत शिरण्यास वाट राहत नाही. तरीही देठ आणि घडाचा दांडा दीर्घकाळ संवेदनशील राहतो आणि देठातून आत गेलेला रोग मणी आतून तपकिरी, चामड्यासारखा करतो.

तीन गोष्टींशी डाऊनीची गल्लत होते. भुरीची राखेसारखी पांढरट पूड बहुधा पानाच्या वरच्या बाजूला असते आणि बोटाने पुसली जाते. लव कोळीच्या प्रादुर्भावात पानाच्या मागे पांढरी लव दिसते खरी, पण त्याच जागी पान वरून फोडासारखे फुगलेले असते. डाऊनीत पान फुगत नाही. करप्याचे ठिपके लहान, तपकिरी-काळे असतात आणि पुढे तेथे भोक पडते.

शंका राहिली तर घरच्या घरी एक खात्रीचा प्रयोग करता येतो. संशयित डाग असलेली चार-पाच पाने संध्याकाळी तोडावीत, प्लास्टिकच्या पिशवीत ओला वर्तमानपत्राचा कागद घालून त्यावर ती पालथी ठेवावीत, पिशवीचे तोंड बांधून ती रात्रभर अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवावी. सकाळी डागाखाली साखर भुरभुरल्यासारखी पांढरी वाढ दिसली तर डाऊनी नक्की आहे, आणि ती जिवंतही आहे. फवारणीनंतर तीन-चार दिवसांनी हाच प्रयोग पुन्हा केल्यास औषधाने काम केले की नाही हेही कळते. पान वाळून तपकिरी झाले म्हणजे रोग मेला असे मानण्यापेक्षा ही पिशवी अधिक विश्वासू आहे.

रोग पसरतो कसा

डागाखालची पांढरी वाढ म्हणजे बीजाणूंचे घोस. ते तयार होण्यास जवळजवळ संपृक्त आर्द्रता आणि सलग चार तासांचा तरी अंधार लागतो, म्हणून ते रात्री तयार होतात. पहाटेच्या वाऱ्याने किंवा पावसाच्या शिंतोड्यांनी ते निरोगी पानावर पोहोचतात. तेथे पाण्याचा पातळ थर असेल तर प्रत्येक बीजाणूतून शेपटी असलेली अनेक चलबीजे बाहेर पडतात, पोहत श्वसनरंध्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस तापमानात या संपूर्ण क्रियेला दोन-तीन तासांची सलग ओल पुरेशी असते. पान कोरडे असेल तर चलबीज पोहू शकत नाही, आणि ढगाळ हवा कितीही असली तरी रोग लागत नाही. पाऊस, दव, धुके किंवा तुषार यांपैकी काहीही चालते. डाऊनीला ओल हवी, ती कोठून आली याच्याशी तिला कर्तव्य नसते.

श्वसनरंध्रे पानाच्या मागील बाजूस असल्यामुळे प्रवेश तेथूनच होतो. फवारणी करताना पानाची वरची बाजू चकचकीत ओली झाली, पण मागची कोरडी राहिली, तर ती फवारणी डाऊनीच्या दृष्टीने झालीच नाही असे समजावे.

शिरकाव झाल्यापासून तेलकट डाग दिसेपर्यंत आपल्याकडील ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या तापमानात साधारण पाच ते सात दिवस जातात. त्यामुळे डाग दिसला की कॅलेंडर सहा दिवस मागे न्यावे. त्या रात्री काय झाले होते, पाऊस पडला होता की दव साचले होते, आणि त्याआधी शेवटचे औषध कधी गेले होते, याचे उत्तर सापडले की पुढची चूक टळते. आज दिसणारा डाग गेल्या आठवड्यातील निष्काळजीपणाचा असतो. कालच्या पावसाचे डाग अजून दिसायचे आहेत.

सप्टेंबर: छाटणीपूर्वीची कामे

युरोपमध्ये हिवाळ्यात वेली पूर्ण पानझड करतात आणि रोग गळलेल्या पानांतील जाड सालीच्या बीजांत थंडी काढतो. महाराष्ट्रात वेलीवर जवळजवळ वर्षभर हिरवे पान असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी वाढवण्यासाठीच्या छाटणीनंतर) वाढलेली पाने पावसाळा झेलतात, ऑगस्टपासून शेंड्याकडील कोवळ्या बगलफुटींवर डाऊनी दिसू लागते आणि तीच पाने ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत रोग सांभाळतात. म्हणून गोडी बहारातील व्यवस्थापनाची सुरुवात छाटणीच्या दिवशी न होता त्याच्या किमान महिनाभर आधी व्हायला हवी.

पावसाळ्यात शेंडे वरचेवर मारावेत. त्या काळात काडीवरील जून पाने हवी असतात, वरची कोवळी फूट नको असते, आणि रोग मुख्यत्वे त्या कोवळ्या फुटीवरच पोसला जातो. जुलै ते सप्टेंबर या काळात उघडीप मिळेल तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या घ्याव्यात. या अवस्थेत पान जून असल्याने तांब्याचा चटका बसत नाही, खर्च कमी येतो आणि करपा व जिवाणूजन्य ठिपक्यांवरही नियंत्रण मिळते. महागडी आंतरप्रवाही (पानाच्या आत शिरून वाहणारी) औषधे पावसाळ्यात वापरून संपवणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण त्यांची खरी गरज पुढे आहे आणि रोगाला त्यांची ओळख जितकी उशिरा होईल तितके बरे.

छाटणीपूर्वी पानगळ करून घेतल्यावर खाली पडलेली पाने आणि छाटलेल्या काड्या बागेबाहेर न्याव्यात किंवा खोल गाडाव्यात. अनेक बागांत हा ढीग बांधावरच पडलेला असतो आणि पहिला पाऊस होताच पहिल्या दोन ओळींतील फूट रोगग्रस्त होते. ओळींच्या शेवटी, ट्रॅक्टर वळतो तेथे, झाडाला सावली असलेल्या कोपऱ्यात आणि शेजारच्या न छाटलेल्या बागेच्या बाजूला रोग आधी येतो. टेहळणीची सुरुवात रोज तेथूनच करावी.

बोर्डो मिश्रणाबद्दल येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ते सर्वांना माहीत असते आणि बऱ्याचदा चुकीचे बनवले जाते. डाऊनी मूळची उत्तर अमेरिकेची. फायलोक्सेरा या मुळांवरील किडीला तोंड देण्यासाठी अमेरिकन खुंट (ज्यांवर कलम बांधतात ती मुळांची झाडे) फ्रान्समध्ये आणले गेले, त्यांच्यासोबत ती आली आणि १८७८ मध्ये तेथे प्रथम आढळली. १८८२ मध्ये बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक मिलार्दे यांना मेडॉक भागात रस्त्याकडेच्या वेली पानांनिशी शाबूत दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून त्यांच्यावर मोरचूद आणि चुन्याचे निळसर मिश्रण शिंपडलेले होते. त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जाहीर केले.

शंभर लिटर एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद आणि एक किलो चांगला कळीचा चुना लागतो. मोरचूद आदल्या रात्री कापडी पुरचुंडीत बांधून प्लास्टिकच्या ड्रममधील पन्नास लिटर पाण्यात लोंबकळत ठेवावे. लोखंडी भांडे वापरू नये. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्याने विरवावा, थंड होऊ द्यावा, गाळावा आणि पन्नास लिटर करावा. त्यानंतर मोरचुदाचे द्रावण चुन्याच्या निवळीत संथपणे ओतत राहून काठीने ढवळावे. उलट क्रमाने किंवा गरम असताना मिसळल्यास कण जाड होतात आणि ते पानावर टिकत नाहीत. तयार मिश्रण आकाशी निळे, रेशमासारखे दिसते. त्यात घासून स्वच्छ केलेला विळा किंवा खिळा मिनिटभर बुडवून बाहेर काढावा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते पान जाळील. पाते मूळच्या रंगाचे राहीपर्यंत चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. कोवळ्या फुटीवर, विशेषतः थंड आणि ढगाळ हवेत, एक टक्का बोर्डो मारू नये.

छाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांत पोंगा अवस्था येते, पंधराव्या दिवसाच्या आसपास घड स्पष्ट दिसू लागतात, तिसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी फुलोरा असतो आणि चाळिसाव्या दिवसाच्या पुढे मणी सेट होतात. वातावरण आणि वाणानुसार हे दिवस पुढेमागे होतात. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस, क्रिमसन ही आपल्याकडील बहुतेक व्यापारी वाणे युरोपीय जातकुळीतील असल्याने या सर्व काळात डाऊनीला सहज बळी पडतात. डॉग्रिज खुंटामुळे क्षार आणि पाण्याच्या ताणाशी झुंजण्याची ताकद मिळते, परंतु त्यावर बांधलेल्या कलमाच्या पानांना डाऊनीपासून संरक्षण मिळत नाही. हा गैरसमज अजूनही अधूनमधून कानावर येतो.

पहिले काम फुटींची गर्दी कमी करण्याचे. चौदा ते अठरा दिवसांच्या दरम्यान घड स्पष्ट होताच वांझ आणि जादा फुटी काढून टाकाव्यात. मजूर मिळाले नाहीत म्हणून हे काम आठवडाभर लांबले तर आतील पाने एकमेकांवर चिकटतात, दव दहा वाजेपर्यंत वाळत नाही आणि नोझलचा तुषार घडापर्यंत पोहोचत नाही. विरळणीचा एक दिवस दोन फवारण्यांच्या तोडीचा असतो असे माझे मत आहे, आणि त्याचा अवशेषही राहत नाही. उरलेल्या फुटींमध्ये चार बोटांचे अंतर दिसले पाहिजे आणि दुपारी मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. नत्र या काळात हात राखून द्यावे. गडद हिरवी, लुसलुशीत, झपाट्याने वाढणारी फूट पाहून समाधान वाटते, पण डाऊनीलाही ती तितकीच आवडते. पाऊस किंवा जोरदार दवाचा काळ असेल तर ठिबकचे पाणी जमिनीतील ओल पाहून कमी करावे.

दुसरे काम संरक्षक फवारण्यांचे. पोंगा फुटून तीन-चार पाने झाल्यापासून पानावर स्पर्शजन्य औषधाचा थर कायम राहील अशी आखणी करावी. मॅन्कोझेब, मेटिराम, प्रोपिनेब किंवा कोवळ्या फुटीला झेपेल अशा प्रमाणात कॉपर हायड्रॉक्साइड ही या गटातील नेहमीची नावे. या औषधांचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ती पानाच्या पृष्ठभागावरच राहतात, बीजाणू उगवण्याआधी तेथे असतील तरच काम करतात आणि रोग पानात शिरल्यावर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. शिवाय वाढीच्या जोमात असलेली फूट दर दोन-तीन दिवसांनी एक नवे पान काढते, आणि ते पान परवाच्या फवारणीनंतर जन्मलेले असल्याने उघडे असते. म्हणून या टप्प्यात दोन संरक्षक फवारण्यांतील अंतर कोरड्या हवेत पाच-सात दिवस, तर पावसाळी हवेत त्याहून कमी ठेवावे लागते.

तिसरे काम टेहळणीचे आहे, आणि ते कोणाकडेही सोपवू नये. पहाटे सहा-साडेसहाला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून दोन ओळींमधून चालावे. बाही ओली झाली तर दव आहे. पुन्हा आठला, मग नऊला जावे. पाने कोणत्या वेळी वाळली हे वहीत लिहावे. रात्री दव साधारण केव्हा पडू लागले हे आठवडाभर एकदा-दोनदा उठून पाहिले की आपल्या बागेचा ओलेपणाचा सरासरी काळ कळतो. नदीकाठच्या किंवा खोलगट बागेत तो टेकडीवरच्या बागेपेक्षा सहज दोन-तीन तासांनी जास्त निघतो, आणि मग एकाच गावातील दोन बागांना एकच वेळापत्रक का लागू पडत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. हवामान केंद्र आणि पानावरील ओलेपणा मोजणारा संवेदक बसवणे परवडत असेल तर उत्तमच. पण त्याचा आलेख पाहण्याची सवय नसेल तर बाही पुरेशी आहे.

पाऊस आला तेव्हा

अंदाजात पाऊस असेल तर फवारणी पावसाआधी पूर्ण करावी. हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे, कारण पाऊस आला नाही तर पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. तरीही पावसाआधी वाळलेल्या थराची बरोबरी पावसानंतरची कोणतीही फवारणी करीत नाही. औषध पानावर वाळण्यास किमान दोन तास मिळावेत असे पाहावे.

पाऊस झाला, पाने दोन-तीन तासांहून जास्त ओली राहिली आणि आधीचे संरक्षण नव्हते किंवा धुऊन गेले, तर रोग पानात शिरला असे गृहीत धरावे आणि डाग दिसण्याची वाट पाहू नये. येथे आंतरप्रवाही किंवा पानात शिरणारी औषधे कामास येतात. सायमोक्सॅनिल पानात लगेच शिरते, परंतु त्याचा प्रभाव थोडे दिवसच टिकतो. म्हणून ते शिरकावानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत आणि मॅन्कोझेबसोबतच्या मिश्रणात वापरले जाते. या मिश्रणाचे नेहमीचे प्रमाण लिटरला दोन ग्रॅम आहे. डायमेथोमॉर्फ, मॅन्डिप्रोपॅमिड आणि इप्रोव्हॅलिकार्ब ही एकाच गटातील औषधे मुख्यतः प्रतिबंधक म्हणून आणि शिरकावाच्या अगदी सुरुवातीला चांगली चालतात. मॅन्डिप्रोपॅमिड लिटरला ०.८ मिली या प्रमाणात वापरतात. सायाझोफॅमिड आणि ॲमिसुलब्रोम वेगळ्या गटातील असून तीही रोग येण्याआधी किंवा लगेच वापरायची आहेत. फोसेटिल ॲल्युमिनियम वेलीत वर आणि खाली दोन्हीकडे वाहते, त्यामुळे फवारणीनंतर वाढलेल्या फुटीलाही त्याचा थोडा आधार मिळतो. ते तांबेयुक्त औषधात मिसळू नये, दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवावे. अन्यथा पाने करपतात.

दोन-तीन दिवस पावसाची झड लागली, चिखलात ट्रॅक्टर रुतत असेल आणि फवारलेले लगेच धुऊन जात असेल, तर अनेक बागायतदार पावसाच्या उघडिपीत ओल्या पानांवरच मॅन्कोझेबची धुरळणी करतात. अडचणीच्या वेळी हा उपाय खरोखर उपयोगी पडतो, परंतु भुकटी श्वासातून जाते, म्हणून मुखवटा, चष्मा आणि पूर्ण अंगभर कपडे यांशिवाय ती कोणाकडूनही करवून घेऊ नये.

फुलोऱ्यात पाऊस आला तर आधी ओळीतील तारा आणि वेली हलक्या हाताने हलवून घडांवर साचलेले पाणी आणि चिकटलेल्या फुलांच्या टोप्या पाडाव्यात. मोकळा ब्लोअर नुसत्या हवेवर फिरवला तरी हे काम होते. त्यानंतरच फवारणीचा विचार करावा. पाणी न झटकता त्यावर औषध मारले तर ते पातळ होऊन ओघळते आणि घड आणखी काही तास ओला राहतो.

फवारणीच्या दर्जाविषयी एक बाब आवर्जून सांगावीशी वाटते. पूर्ण वाढलेल्या कॅनोपीस (वेलीच्या पानांच्या विस्तारास) हेक्टरी सुमारे हजार लिटर, म्हणजे एकरी चारशे लिटर पाणी गृहीत धरलेले असते. सुरुवातीच्या अवस्थेत त्याहून बरेच कमी पुरते. ब्लोअरने कमी पाण्यात फवारणी करताना लिटरचे प्रमाण जसेच्या तसे ठेवले तर एकरी औषधही तितकेच कमी पडते आणि दोष औषधाला दिला जातो. बागेत पाच-सहा ठिकाणी पानांच्या मागील बाजूस आणि घडाजवळ साध्या कागदाचे तुकडे टाचणीने लावून रंगीत पाण्याची एक चाचणी फवारणी घ्यावी. कोणते नोझल बंद आहे, वारा कोणत्या बाजूला औषध नेतो, ट्रॅक्टर जास्त वेगात आहे का, हे त्या कागदांवर स्वच्छ दिसते.

एकच औषध पुन्हा पुन्हा नको

डाऊनीच्या बीजाणूंची पिढी आठवड्यात तयार होते. त्यामुळे एकाच जागी घाव घालणाऱ्या औषधाला न जुमानणारे प्रकार तिच्यात लवकर निर्माण होतात. मेटालॅक्सिल, ॲझॉक्सिस्ट्रॉबिनसारखी स्ट्रोबिल्युरिन औषधे आणि डायमेथोमॉर्फ-मॅन्डिप्रोपॅमिडचा गट या तिन्हींच्या बाबतीत प्रतिकारक्षमता नोंदवली गेली आहे, आणि आपल्या बागाही त्याला अपवाद नाहीत. या गटांतील औषध एका हंगामात दोनदाच, फार तर तीनदा, आणि तेही मॅन्कोझेबसारख्या अनेक जागी मारा करणाऱ्या औषधाच्या सोबतीने वापरावे. लागोपाठच्या दोन फवारण्यांत गट बदलावा. बदल करताना डब्यावरील व्यापारी नाव न पाहता रासायनिक घटक वाचावा, कारण तीन वेगवेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच घटक असू शकतो. बागभर पांढरी वाढ दिसत असताना फक्त आंतरप्रवाही औषध मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अशा वेळी कोट्यवधी बीजाणूंना त्या औषधाची चाळणी लावली जाते आणि जे उरतात ते पुढच्या वर्षी भेटतात. आधी रोगट शेंडे, पाने आणि घडाचे सडलेले भाग काढून बागेबाहेर न्यावेत, मग स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही असे मिश्रण पूर्ण भिजवून मारावे.

मणी सेट झाल्यावर, काढणीपर्यंत

मणी वाटाण्याच्या पुढे गेल्यावर घडाची चिंता कमी होते, मात्र पानांची राहते. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसला तरी दव आणि धुके असते. त्या काळात वरच्या कोवळ्या बगलफुटींवर डाऊनी आली आणि तिच्यामुळे पानगळ झाली तर मण्यांत साखर भरत नाही, सनबर्न होतो आणि पुढील वर्षासाठी काडीत अन्नसाठा राहत नाही. बगलफुटी काढणे आणि शेंडा थांबवणे हाच या टप्प्यातील मुख्य उपाय आहे, फवारणी दुय्यम.

निर्यातीचा माल असेल तर या टप्प्यावर प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी मोजावाच लागतो. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले, तेव्हापासून त्याचा वापर हंगामाच्या सुरुवातीपुरता मर्यादित ठेवण्याकडे जाणत्या निर्यातदारांचा कल आहे. फोसेटिलच्या अवशेषांबाबत आणखी एक खाच आहे. फोसेटिलचा अवशेष फॉस्फोनिक आम्लाच्या रूपातही मोजला जातो. त्यामुळे ‘खत’ म्हणून दिलेले फॉस्फाइट असलेले उत्पादनही अहवालात फोसेटिलच्या अवशेषासारखेच दिसू शकते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीत औषधांची आणि त्यांच्या प्रतीक्षा कालावधीची यादी दर हंगामाला प्रसिद्ध करते. गेल्या वर्षीच्या छापील तक्त्यावर विसंबण्याऐवजी चालू हंगामाची यादी पाहावी आणि डब्यावरील लेबलवर द्राक्ष पिकाचा व डाऊनीचा उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी.

गेल्या काही वर्षांत अनेक बागांवर प्लास्टिकचे आच्छादन दिसू लागले आहे. पान ओलेच होऊ न देणे हा डाऊनीवरील सर्वांत नेमका उपाय असल्यामुळे आच्छादनाखाली या रोगाच्या फवारण्या लक्षणीय कमी होतात, पावसात मणी तडकणेही टळते. एकरी खर्च मात्र लाखांत जातो आणि वाऱ्यात सांगाडा टिकेल असे काम करून घ्यावे लागते. शिवाय आच्छादनाखालील सावलीची, कोरड्या पानांची आणि दमट हवा कोंडलेली जागा भुरीला मानवते. तिला डाऊनीसारखे पाण्याचे थेंब लागत नाहीत. आच्छादन घातल्यावर डाऊनीची वही बंद करून भुरीची उघडावी लागते, आणि पहिल्या वर्षी हे लक्षात न आल्याने डाऊनीपासून वाचलेले घड भुरीने गेल्याचे पाहण्यात आहे.

फवारणीच्या वहीत तारीख, छाटणीनंतरचा दिवस, औषधाचा घटक आणि गट, एकरी मात्रा, पाण्याचे प्रमाण यांच्या जोडीला एक रकाना आणखी आखून घ्यावा: त्या रात्री पान किती तास ओले होते. दोन हंगाम हा रकाना भरला की कोणत्या फवारण्या गरजेच्या होत्या आणि कोणत्या केवळ शेजाऱ्याचा ब्लोअर चालू झाला म्हणून झाल्या, हे त्याच पानावर वाचता येते.